"ऊन लागलं असेल" आणि "टेन्शननं झालं"

पत्र: "चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसजवळच्या गावात आमचं एकत्र कुटुंब आहे. माझे मोठे दीर (वय ५१) कोळशाच्या वॅगन भरतात त्या सायडिंगवर सुपरवायझर होते. ना बीपी, ना शुगर, दारू नाही, व्यसन म्हणाल तर फक्त खर्रा. गेल्या मे महिन्यात दुपारी दोनला ड्युटीवरून आले. जेवताना म्हणाले, डोकं गरगरतंय, जीभ जड झाली. आम्हाला वाटलं ऊन लागलं. तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं, कूलरसमोर निजवलं. सहाला उठवायला गेलो तर उजवा हात उचलेना. दवाखान्यात पोचेपर्यंत साडेआठ झाले, इंजेक्शनची वेळ टळली म्हणाले. आता सगळे म्हणतात टेन्शननं झालं. आदल्या रात्री शेताच्या वाटणीवरून त्यांचं आणि माझ्या मिस्टरांचं जोरात भांडण झालं होतं. तेव्हापासून मिस्टर स्वतःलाच दोष देतात, धड बोलत नाहीत. ते ४७ वर्षांचे, त्याच सायडिंगवर, बारा-बारा तासांची ड्युटी, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. फार घोरतात. दिरांचं सगळं मीच बघते. राग, टेन्शन, ऊन, धूळ यांनी खरंच लकवा होतो का? आणि मिस्टरांचं काय काय तपासायचं?"

ताई,

आधी मिस्टरांच्या छातीवरचा धोंडा उतरवू. राग आणि लकवा, म्हणजे मेंदूचा झटका, यांचा संबंध आहे, हे खरं. ३२ देशांतल्या १३ हजारांहून जास्त रुग्णांना विचारून हे तपासलं गेलं आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. झटका येण्याच्या आधीच्या एका तासात काय घडलं आणि आदल्या दिवशी त्याच तासाला काय घडलं होतं, याची तुलना त्यात होती. साधारण ११ रुग्णांमागे एकाला त्या तासाभरात संताप किंवा मोठा मानसिक धक्का बसलेला होता. म्हणजे ११ पैकी १० जणांच्या बाबतीत त्या तासात तसं काहीच नव्हतं. आणि यात मोजलाय तो एक तास. तुमच्या घरातलं भांडण आदल्या रात्रीचं, मधे झोप झाली, सकाळी दीर ड्युटीवर गेले, भर उन्हात आठ-नऊ तास उभे राहिले. त्या भांडणाला या हिशेबात जागाच नाही. हा परिच्छेद मिस्टरांना वाचून दाखवा, शक्यतो दिरांसमोर.

आता "टेन्शननं झालं" याबद्दल. हे उत्तर आम्हाला आवडत नाही. ते साफ खोटं आहे असं नाही, पण ते आलं की पुढचे प्रश्न थांबतात. टेन्शनला मेंदूपर्यंत पोचायला रस्ता लागतो: रक्तदाब चढतो, झोप तुटते, हृदयाचे ठोके बिघडतात, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज येते, खर्रा दिवसाला दोनचे सहा होतात. यातल्या बहुतेक गोष्टी मोजता येतात. ऊन, धूळ आणि आवाज यांचे रस्तेही जवळपास हेच. म्हणून "काहीच नव्हतं" असं कुणी म्हटलं की आम्ही विचारतो, शेवटचं कधी मोजलं होतं? दिरांना बीपी नव्हतं, की तपासलं नव्हतं? आणि "फक्त खर्रा" असं लिहू नका. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून गालात धरला की निकोटिन थेट रक्तात उतरतं, नाडी आणि दाब दोन्ही वर जातात. दिवसभर एकामागून एक चालू असेल तर रक्तवाहिन्यांना उसंत मिळत नाही. विडी-सिगारेटचा धूर नाही म्हणून लकव्याच्या हिशेबातून खर्रा सुटत नाही.

तुमच्या शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली होती. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लकवा निघालं, साधारण सात मृत्यूंमागे एक. शहरी, खुर्चीत बसणाऱ्या माणसांचा हा आजार आहे हा समज तिथेच मोडतो.

मिस्टरांच्या बाबतीत आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे तासांचा हिशेब आणि घोरणं. बारा तास, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे ७२ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना लकव्याचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्के जास्त असतो. या आकड्याने घाबरू नका. शंभरातल्या ३५ जणांना लकवा होणार असा त्याचा अर्थ नाही. समजा, एका वयाच्या हजार माणसांत काही वर्षांत २० जणांना झटका येत असेल, तर जास्त राबणाऱ्या हजारांत तो २७ जणांना येईल. ड्युटीचे तास कमी करून घेणं तुमच्या हातात नाही, हे आम्हाला कळतं. ज्या दिवशी हातात येईल त्या दिवशी ओव्हरटाइमच्या पैशांसमोर हा हिशेब ठेवून बघा, एवढंच.

घोरण्याचं मात्र याच आठवड्यात बघता येईल. नुसतं घोरणं वेगळं आणि घोरता घोरता श्वास थांबणं वेगळं. मिस्टर गाढ झोपल्यावर पलंगाजवळ बसा आणि मोबाइलवर पाच-सहा मिनिटांचं शूटिंग करा, छाती आणि पोट दिसेल असं. चढत जाणारं घोरणं, मग एकदम शांतता, त्या शांततेत पोट हलतंय पण आवाज नाही, दहा सेकंद, पंधरा सेकंद, आणि मग जोरात हुंदका दिल्यासारखा श्वास. असं दिसलं तर तो स्लीप अॅप्नियाचा ठळक संशय. त्या प्रत्येक थांबण्यात रक्तातला ऑक्सिजन खाली येतो आणि दाब उसळतो, रात्रभर, शेकडो वेळा. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, दुपारी बसल्या जागी डुलकी लागणं, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असणं, यांपैकी काही जुळत असेल तर तो व्हिडिओ घेऊन छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. झोपेची चाचणी आता घरीही होते, बोटाला आणि छातीला यंत्र लावून एक रात्र. निदान झालं तर रात्री मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र सांगतात. ते येईपर्यंत कुशीवर झोपवा, उताणं नको. बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला की माणूस आपोआप कुशीवर वळतो. गमतीचं वाटेल, पण चालतं. आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. तिच्यामुळे घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

रात्रपाळीच्या आठवड्यात झोप दिवसा भरून काढावी लागणार. सलग सहा-सात तास मिळायला हवेत. खिडकीला जाड कापड, मोबाइल दुसऱ्या खोलीत, शेवटचा चहा पाळी संपण्याच्या चार-पाच तास आधी. घरातल्या माणसांनी "उठलेच आहेत तर जरा बाजारातून..." हे बंद करायचं. रस्त्यावरून जाणाऱ्या डंपरांचे हॉर्नही हिशेबात धरा. जाग आली नाही तरी त्या आवाजाने झोपेतला दाब वर जातो. भारतात रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि ती कुठे पाळली जाते ते तुम्ही जाणता. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. चिमटीत बारीक वळून कानात घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे, नाहीतर बाहेर येतात. रस्त्याकडची खोली सोडून मागच्या खोलीत झोपता आलं तर त्याहून चांगलं.

ऊन. घामावाटे पाणी गेलं की रक्त घट्ट होतं, नाडी वाढते, आणि आधीच अरुंद असलेल्या वाहिनीत गुठळी धरायला ते पुरतं. रात्रीचा उकाडाही यात येतो. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरातल्या १५ वर्षांच्या नोंदींत फार उष्ण रात्रींनंतर लकव्याचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळलं. तिथली उष्ण रात्र म्हणजे चंद्रपूरकरांना गारवा वाटावा अशी. सायडिंगवर तहानेची वाट पाहू नये. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, साधारण २०० ते २५० मिलिलिटर. पण तासाला दीड लिटरच्या वर नाही, कारण एकदम भरमसाट पाणी प्यायल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. दोन तासांहून जास्त घाम गाळायचा असेल तर त्यातलं काही पाणी ओआरएसचं हवं. एका लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवा, अर्ध्या पेल्यात नाही. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा विकार आहे त्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. घरातलं कुणी बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर मार्च लागताच डॉक्टरांना भेटून डोस बघून घ्या. उन्हाळ्यात दाब खाली येतो म्हणून गोळी स्वतःच्या मनाने सोडणारे आणि पावसाळा लागल्यावर पुन्हा चालू करायला विसरणारे पुष्कळ.

कूलरबद्दल एक गोष्ट. कूलर खिडकीत आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं, तरच तो गार करतो. दारं बंद ठेवली की खोलीत दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही. नुसता पंखा ४० अंशांच्या वर उपयोगाचा नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो.

धुळीचं आणि धुराचं गणित लोकांना सगळ्यात कमी पटतं, कारण धूळ म्हटली की खोकला आठवतो. डोळ्यांना दिसणारी काळी भुकटी नाकात अडते. त्रास देते ती न दिसणारी, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, जिला पीएम २.५ म्हणतात. ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते, तिथे सूज धरते, आणि ती सूज रक्तावाटे सगळीकडे पोचते. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेची १५. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 'समीर' अॅपवर चंद्रपूरचा रोजचा निर्देशांक दिसतो. सायडिंगवर तोंडाला बांधलेला दुपट्टा उन्हापासून वाचवतो, बारीक धुळीपासून नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो, तोही नाकाची पट्टी दाबून, कडेने हवा न येईल असा. दाढी वाढलेली असेल तर तो बसत नाही. पण ४५ अंशांत बारा तास एन-९५ लावून कोणी काम करू शकत नाही, आणि तसं सांगणारा माणूस सायडिंगवर कधी उभा राहिलेला नसतो. म्हणून वॅगन भरताना आणि लोडर चालू असताना लावा, केबिनमध्ये आणि सावलीत काढा.

घरातला धूर मात्र पूर्ण तुमच्या ताब्यात आहे. आंघोळीचं पाणी कोळशाच्या सिगडीवर तापत असेल तर सिगडी अंगणात; बंद न्हाणीघरात कधीच नाही, तिथे कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस झोपेतल्यासारखा जातो. आणि डासांची कॉइल: एक कॉइल जळते तेव्हा बाहेर पडणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं मोजून झालंय. दिरांच्या पलंगाखाली कॉइल लागत असेल तर आजच बंद करा आणि मच्छरदाणी लावा. घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

आता तपासायचं काय ते. दंडावर पट्टी बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचं नको. पट्टीवर किती घेरासाठी ती आहे ते छापलेलं असतं, बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर. मिस्टरांचा दंड आधी टेपने मोजा. दंड जाड आणि पट्टी लहान असेल तर दाब खोटा जास्त दिसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडी घालून नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं. उघड्या दंडावर पट्टी, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे टाकून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर डॉक्टरांकडे जायचं. रात्रपाळी सुटून आल्यावरचा एक आकडा वेगळा लिहून ठेवा. दवाखान्यात दाब ठीक आणि कामावर, घरी चढलेला, अशी माणसं असतात, आणि ती शिबिरात एकदा मोजून सुटतात. यंत्रावर ठोके अनियमित असल्याची खूण वारंवार दिसली, किंवा मनगटावर बोटं ठेवल्यावर नाडीला काही तालच लागत नसेल, तर ईसीजी लगेच काढा. हृदयाच्या वरच्या कप्प्याची ती फडफड लकव्याचा धोका पाचपट करते. यासोबत उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल.

मे महिन्यातल्या त्या दुपारी जे झालं ते तुमच्या भागात दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी होतं, म्हणून ते नीट सांगतो. उष्माघातात अंग तापतं, ताप ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, माणूस बरळतो, पण कमजोरी दोन्ही बाजूंना सारखी असते. लकव्यात एक बाजू मागे राहते. ओळखायला मिनिट पुरतं. "दात दाखवा" म्हणा, ओठाचा एक कोपरा खाली राहतो का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर दहा सेकंद धरायला सांगा, एक हात हळूहळू खाली येतो का. "आज बुधवारचा बाजार आहे" असं काहीतरी म्हणवून घ्या, बोबडं येतं का, भलतेच शब्द येतात का. एकदम तोल जाणं, एकदम दिसेनासं होणं हीसुद्धा लकव्याचीच चिन्हं. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ लावा. ऊन लागल्याची शंका असली तरी दवाखान्यातच जायचंय, त्यामुळे घरी ठरवत बसण्यात काही मिळत नाही.

तोंडातून काही द्यायचं नाही, पन्हंसुद्धा नाही. गिळण्याचा स्नायू गेलेला असेल तर ते श्वासनळीत जातं. अॅस्पिरिनही नको, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सिटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात अॅस्पिरिन घात करते. बीपीची गोळी जिभेखाली ठेवायची नाही. बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढण्याचा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल, आणि आंघोळीचा पहिला तांब्या डोक्यावर घेतल्याने लकवा होतो हाही. दोन्ही डिलीट करा.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, "शेवटचे धड कधी होते?" त्याची वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही होतो, म्हणून "वेळ गेली" हा निकाल घरी लावायचा नाही. एक काम आजच करा. चंद्रपुरात दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा: रात्री सिटी स्कॅन चालू असतो का, आणि लकव्याचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का? जिथे दोन्हींना हो मिळेल तिथला नंबर दाराच्या मागे लिहून ठेवा.

राहिल्या तुम्ही. पत्रात स्वतःबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय. दिरांना उचलणं, पुसणं, भरवणं, वर सासरचं बोलणं, या सगळ्यात बाईचा दाब कोणी मोजत नाही. तेच यंत्र, तीच पद्धत, तुमचाही आठवडा लिहा. आणि दोन प्रश्न स्वतःला, मिस्टरांना आणि दिरांनाही विचारा: गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटेना असं बरेच दिवस झालं का? उदास, हताश वाटत राहिलं का? एकालाही "हो, बहुतेक रोज" आलं तर डॉक्टरांशी बोला, किंवा १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लकवा झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, आणि दीर व्यायाम करायला नको म्हणत असतील तर तो नेहमी आळस नसतो. उलट बाजूनेही ते लागू आहे. नैराश्य असलेल्यांत पुढे लकव्याचं प्रमाण जास्त आढळतं, त्यामुळे मिस्टरांचं धड न बोलणं नुसतं सोडून देऊ नका.

दिरांचा रोजचा बीपी मोजायचं काम मिस्टरांकडे द्या. दुसरा झटका टाळायला त्यांचा दाब ताब्यात राहणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि दोघा भावांना दिवसातून दहा मिनिटं शेजारी बसायला त्यातून कारण मिळेल. पट्टी डाव्या हातालाच बांधायला सांगा. लकवा झालेल्या हाताचे स्नायू ताठ किंवा सैल पडलेले असतात, त्यामुळे तिथला आकडा चुकतो.